राजगड एका दिवसात : वाटा, वेळेचं गणित आणि काय सोडायचं

राजगडाला जायचं ठरलं की सगळे आधी विचारतात, किती वाजता निघायचं. त्याच्याही आधी ठरवायला हवं ते हे की या खेपेला काय बघायचं नाही. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या (माथ्याखालच्या तटबंदीच्या सोंडा), त्यांच्या मधोमध उभा असलेला बालेकिल्ला, आणि या चौघांमधली कड्याखालून जाणारी अरुंद पायवाट, असा हा पसारा आहे. एकटी संजीवनी माचीच अडीच किलोमीटरच्या आसपास लांब. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३७६ मीटर, म्हणजे पायथ्याच्या गावातून बालेकिल्ल्याच्या माथ्यापर्यंत सहाशे मीटरांच्या आसपास चढ. डिसेंबरात पुण्याच्या अक्षांशावर उजेड अकरा तासांचा. एवढ्यात चारही भाग नीट बघून होत नाहीत. तरी ते 'करायचेच' म्हणणारे गट दर शनिवार-रविवारी भेटतात. दुपारी साडेचारला ते संजीवनीच्या टोकाशी असतात, पाणी संपलेलं असतं आणि खाली उतरायला दोन तास उरलेले असतात.

पूर्वी यावर सोपा तोडगा होता. पद्मावतीच्या देवळात मुक्काम करायचा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी बघायचं. गडावर रात्री राहायला पुरातत्त्व विभागाने बंदी घातल्यापासून तो मार्ग संपला. बंदी योग्यच होती, असं आमचं मत आहे. देवळाच्या आसपास चुलींच्या राखेचे आणि प्लास्टिकचे ढीग ज्यांनी पाहिले, त्यांना वेगळं सांगायला नको. पण त्यामुळे आखणी बदलली. आता मुक्काम पायथ्याला आणि गड एका दिवसात, हाच हिशेब धरायचा.

तासांचा हिशेब

आम्ही गट नेतो तेव्हा कागदावर मांडतो ते आकडे असे. गुंजवणे गावातून चोर दरवाजापर्यंत सवयीच्या माणसाला दोन तास, नवख्याला अडीच ते तीन. पद्मावती माची बघायला एक तास, त्यात नाश्ता धरलेला. पद्मावतीवरून बालेकिल्ल्यावर जाऊन, वर फिरून परत यायला दोन तास. सुवेळा माची नेढ्यासकट (खडकातलं आरपार भोक) अडीच तास. संजीवनी टोकापर्यंत जाऊन येऊन तीन तास. उतरायला दीड ते दोन. बेरीज केली तर बारा ते साडेतेरा तास होतात, आणि यात जेवण नाही, फोटो नाहीत, रेलिंगपाशी थांबणं नाही. शनिवारी-रविवारी बालेकिल्ल्याच्या वाटेवर नुसत्या रांगेत पाऊण तास सहज जातो.

म्हणून आम्ही पद्मावती आणि बालेकिल्ला कायम ठेवतो आणि दोन माच्यांपैकी एकच निवडतो. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सुवेळा. ती जवळ आहे, नेढं आहे आणि माणसं थकली तर अर्ध्यातून फिरता येतं. ज्यांना दुर्गबांधणीत रस आहे त्यांनी मात्र डोळे मिटून संजीवनी घ्यावी. तिथल्या दुहेरी तटबंदीसारखं काम एवढ्या सलग लांबीत सह्याद्रीत क्वचितच दिसतं. दोन्ही बघायच्याच असतील तर बालेकिल्ला सोडावा लागेल, आणि तो सोडायला कोणी तयार होत नाही.

गट मोठा असेल तर प्रत्येक आकड्यात पाव भाग वाढवावा. गटाचा वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाइतकाच असतो, सरासरीइतका नसतो. त्याला सगळ्यांत पुढे चालवलं की वेळ नेमका कळतो. मागे ठेवलं तर तो दिवसभर धापा टाकत राहतो, कारण बाकीचे थांबून ताजेतवाने झालेले असतात आणि हा पोचताक्षणी पुन्हा निघतात.

कुठून चढायचं, कुठून उतरायचं

नेहमीच्या वाटा दोन, गुंजवण्याची आणि पालीची. भोरच्या बाजूने भुतोंडे गावातून एक वाट आळू दरवाजाने थेट संजीवनीवर येते. ती शांत आहे, पण वावर कमी असल्याने पावसाळ्यानंतर गवतात हरवते. तिथे गावातला माहीतगार सोबत घ्यावा. तोरण्याच्या बुधला माचीवरून डोंगरधारेने येणारी वाटही आळू दरवाजालाच मिळते. पण तोरणा-राजगड हा वेगळा बेत आहे, त्याची इथे चर्चा नको.

गुंजवण्याची वाट सुरुवातीला सोंडेवरून चढते, मध्ये झाडीचा पट्टा लागतो आणि शेवटचा भाग कातळात खोदलेल्या पावठ्यांचा, म्हणजे पाय ठेवायच्या खाचांचा आहे, बाजूला लोखंडी रेलिंग. शेवटी चोर दरवाजा, म्हणजे तटात ठेवलेली लहानशी दिंडी. पाठीवरची पिशवी रुंद असेल तर वाकून आत शिरताना ती वर अडकते आणि माणूस मागे ढकलला जातो. म्हणून शेवटच्या वळणावर पट्टे घट्ट करायचे, पिशवीच्या बाहेर काहीही लटकत ठेवायचं नाही. खांद्यावर एकेरी पट्ट्याची पिशवी असेल तर ती झोकांड्या खाते, दोन्ही हात मोकळे राहत नाहीत. ही वाट चढायला छान आहे. उतरायला मात्र वाईट. उतरताना पावठी दिसत नाही, गुडघे वाकवून शरीराचा भार रेलिंगवर टाकावा लागतो आणि समोरून चढणारे येतच असतात.

पालीची वाट राजमार्ग. पायऱ्या, ऐसपैस रुंदी आणि पाली दरवाजाची एकामागोमाग दोन प्रवेशद्वारं. पहिल्या दरवाजाची उंची पाहिली की अंबारीसकट हत्ती यातून जाई, असं जे सांगतात ते पटतं. चढ सोपा आहे, पण सावली फारशी नाही. उन्हाळ्यात आठनंतर पालीकडून चढणं म्हणजे दिवसाचं निम्मं पाणी दरवाजापाशीच संपवणं. लहान मुलं, साठीच्या पुढची माणसं, गुडघ्यांची तक्रार असलेले, उंचीची भीती असलेले, या सगळ्यांनी चढणं-उतरणं दोन्ही पालीनेच करावं. 'चोर दरवाजाने नाही गेलो तर मजा काय' हा आग्रह गटातल्या एखाद्याचाच असतो आणि त्याची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो.

सगळ्यांत चांगला बेत म्हणजे गुंजवण्याने चढून पालीने उतरणं. अडचण गाडीची. गड ओलांडून दोन्ही गावं जवळ वाटतात, पण रस्त्याने मार्गासनीवरून मोठा वळसा पडतो. चालक सोबत असेल तर आपल्याला सकाळी गुंजवण्यात सोडून दुपारी पालीला यायला त्याला सांगायचं. स्वतःच्या दोन गाड्या असतील तर एक आदल्या संध्याकाळी पालीत लावून ठेवायची. यातलं काहीच शक्य नसेल तर ज्या वाटेने वर, त्याच वाटेने खाली. संध्याकाळी पालीत उतरून गुंजवण्याला जायला जीप मिळेल, या भरवशावर राहू नये.

पोचणं आणि आदली रात्र

पुण्याहून सातारा रस्त्याने कात्रज ओलांडून नसरापूर फाट्यापर्यंत जायचं. तिथून उजवीकडे वळून नसरापूर, बनेश्वर, मार्गासनी. मार्गासनीहून साखरमार्गे गुंजवणे. सगळं मिळून साठ किलोमीटरच्या आसपास, स्वतःच्या गाडीने दोन तास. पालीसाठी मार्गासनीला न वळता वेल्ह्याच्या रस्त्याने पुढे जाऊन वाजेघरकडे वळायचं. स्वारगेटहून वेल्ह्याच्या एसटी मिळतात, त्या मार्गासनीला सोडतात. पुढचा पल्ला जीपचा, आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही. एसटीने सकाळी निघून त्याच दिवशी गड करायचा म्हटलं तर चढाई दहाच्या आधी सुरू होत नाही. मग वर बालेकिल्ला सोडून दुसरं काही बघायला वेळ उरत नाही. एसटीने येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच पायथ्याला पोचावं.

गुंजवण्यात आणि पालीत घरगुती जेवणाची, झोपण्याची सोय होते. फोन करून माणसं किती, शाकाहारी किती, जेवण किती वाजता आणि पहाटेचा चहा किती वाजता, हे सांगून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी परतताना जेवणार असाल तर तेही आधीच सांगावं. दुपारी चारला खाली येऊन बारा जणांच्या भाकरी मागितल्या की तास-दीड तास बसावं लागतं, आणि त्यात दोष त्या घराचा नसतो.

मुंबईकरांची नेहमीची पद्धत म्हणजे शुक्रवारी रात्री अकराला बसमध्ये बसायचं, पहाटे चारला पायथ्याला पोचायचं आणि तसंच चढायचं. दोनशे किलोमीटरहून जास्त प्रवास, धड झोप नाही. चढताना उत्साहाने निभावतं. दुपारनंतर उतरताना पाय मुरगळतात ते बहुधा याच गटांमधले. दोन तास आडवं व्हायला जागा आधी ठरवून ठेवावी. तेवढ्यानेही फरक पडतो.

कोणते दिवस

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हे दिवस बघण्यासारखे. सोनकी-तेरडा फुललेला असतो, टाकी भरलेली, हवा धुतलेली. पण या दिवसांत गवत कमरेएवढं असतं आणि संजीवनी माचीवर त्याचा खरा धोका आहे. तिथे दोन तटांमधल्या पोकळीत उतरणाऱ्या पायऱ्यांची तोंडं गवताने झाकली जातात. पुढे मोकळी जमीन आहे असं वाटून टाकलेला पाय थेट खाली जातो. काठीने ठोकत चालायचं आणि तटाच्या दगडावरून नव्हे, आतल्या पायवाटेवरून जायचं. ठोकण्याच्या आवाजाने साप बाजूला होतात, हा दुसरा फायदा. ऑक्टोबरातल्या दुपारी ढग भरून येऊन विजाही होतात. उघड्या धारेवर आणि लोखंडी रेलिंगवर त्या वेळी कोणी असू नये. तीननंतर गडगडाट ऐकू आला तर बालेकिल्ला तिथेच रद्द.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत सुरक्षित. गवत वाळून बसतं, वाट दिसते, दूरचं दिसतं. डिसेंबरात पहाटे वर वारा बोचतो. चढताना घामेजलेला सदरा बदलला नाही तर पद्मावतीवर हुडहुडी भरते, म्हणून एक कोरडा सदरा पिशवीत वर ठेवायचा.

मार्चपासून ऊन, वणवे आणि आग्या मोहोळ. बालेकिल्ल्याच्या आणि सुवेळ्याच्या कड्यांना मोठी पोळी असतात. धूर, अत्तर, दगड मारणं, नेढ्यात उभं राहून आरोळ्या ठोकणं, ड्रोनची घरघर, माश्या उठायला यातलं काहीही पुरेसं होतं. माश्या उठल्या तर हात झाडायचे नाहीत. डोकं-तोंड कापडाने झाकून पोळ्यापासून दूर सरकायचं. कड्याच्या वाटेवर पळायचं नाही, कारण तिथून पडणं हे चाव्यांहून जास्त घातक. काटे नखाने खरवडून काढावेत, चिमटीत धरून नव्हे. चिमटीने विष आणखी आत दाबलं जाऊ शकतं. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, ओठ सुजले तर थांबायचं नाही. ११२ ला फोन करून माणसाला लगेच खाली न्यायला लागायचं.

पावसाळ्यातल्या राजगडाचे फोटो मोहात पाडतात. प्रत्यक्षात जुलैत वर गेलं की बहुतेक वेळा वीस पावलांपलीकडचं दिसत नाही, सुवेळ्यावरून नेढं दिसत नाही आणि पावठ्यांवर शेवाळ असतं. जोराच्या पावसात जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेशही काढतं, ते निघण्याआधी तपासावेत. आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये नवखा गट नेत नाही.

सोबत काय

पाणी हिवाळ्यात माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार. वर पद्मावती तलाव आणि टाकी आहेत, पण ते पाणी गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिण्यासारखं धरू नये. शनिवार-रविवारी गावातली माणसं ताक-सरबत घेऊन वर बसतात. मंगळवारी ती असतील असं गृहीत धरून पाणी कमी नेणं ही गंभीर चूक ठरते. नुसतं पाणी ढोसल्यानेही भागत नाही. घामातून मीठ जातं, वर फक्त पाणी येतं आणि दुपारी पोटऱ्यांना पेटके येतात. जलसंजीवनीची एक पुडी एक लिटर पाण्यात, चढून झाल्यावर निम्मी आणि दुपारी निम्मी. पुडी अर्ध्या लिटरात कालवली तर मिठाचं प्रमाण बिघडतं आणि काहींना उलट मळमळतं.

बूट वापरलेले हवेत. नवे बूट पहिल्यांदा गडावर घातले की टाचेला फोड हमखास. जुने असतील तर तळवा दाबून बघावा. कपाटात पडून राहिलेल्या बुटांचा गोंद कोरडा पडतो आणि तळवा भर उतारावर सुटून येतो. पिशवीत थोडी सुतळी किंवा चिकटपट्टी ठेवली तर तेवढ्यापुरतं भागतं. प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी, डोक्याला बांधायची असेल तर उत्तम. 'मोबाइलची आहे ना' हे उत्तर चालत नाही. रेलिंग धरलेल्या हाताला मोबाइल धरता येत नाही, आणि दिवसभर फोटो काढल्यावर त्यात चार्ज उरलेला नसतो. कचरा परत आणायची एक रिकामी पिशवी गटात कोणाकडे आहे हे नावानिशी ठरवायचं, नाहीतर ती कोणाकडेच नसते.

जेवण कोरडं न्यावं. चटणी-पोळी, ठेपले, दाण्याची चिक्की, खजूर, एखादं फळ. भाताचे डबे उन्हात बारापर्यंत आंबतात.

वर पोचल्यावर

सहाला निघालं तर साडेआठपर्यंत चोर दरवाजातून आत शिरता येतं. समोरच पद्मावती तलाव. पुढे रामेश्वराचं मंदिर, पद्मावतीचं मंदिर आणि त्यासमोर सईबाईंची म्हणून दाखवली जाणारी समाधी. सईबाईंचं निधन याच गडावर ५ सप्टेंबर १६५९ रोजी झालं, म्हणजे अफजलखानाच्या स्वारीच्या ऐन धामधुमीत, प्रतापगडाच्या भेटीआधी दोन महिने. तारखा अशा शेजारी ठेवल्या की समाधीपाशी पाय थांबतो. वर चढत गेलं की सदर आणि राजवाड्याचे चौथरे लागतात.

इथेच बहुतेकांची निराशा सुरू होते. उभं काही नाही, जोती आणि ढासळलेल्या भिंती. राजगड सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याची राजधानी होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, पण हा राहिला. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ च्या सप्टेंबरात इथेच पोचले आणि २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजारामांचा जन्म इथेच झाला. १७०४ मध्ये औरंगजेबाने गड घेऊन त्याला नबीशाहगड म्हटलं आणि तीनच वर्षांत मराठ्यांनी तो परत जिंकला. हे आदल्या रात्री, जेवणानंतर, नकाशा मधे ठेवून सांगून ठेवावं. गडावर उन्हात उभं करून अर्धा तास इतिहास सांगितला तर दहा मिनिटांनंतर कोणी ऐकत नाही. चौथऱ्यापाशी फक्त बोट दाखवायचं.

पद्मावतीवर रेंगाळू नये, कारण पुढचा टप्पा वेळेशी बांधलेला आहे. बालेकिल्ल्याची वाट उभ्या कातळातली, रेलिंगची, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. सकाळी निघालेले सगळे गट साधारण साडेदहा ते बारा या वेळात तिथे एकत्र येतात. साडेनऊला तिथे असलो तर सरळ वर जाता येतं. म्हणून नाश्ता आटोपता, आणि जेवण बालेकिल्ला झाल्यावर. चढताना दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत. पुढच्याच्या टाचेशी आपलं डोकं येणार नाही एवढं अंतर ठेवायचं, त्याच्याकडून सुटलेला दगड खालच्यालाच लागतो. रेलिंगवर भार टाकण्याआधी हलवून बघायचं. गंजलेला खांब नवशिक्याला ओळखू येत नाही, पण डुगडुगलेला सगळ्यांना कळतो. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर आले तर रुंद जागी असलेल्याने थांबावं. मधेच एकमेकांना ओलांडायला जाऊ नये.

महादरवाजा अजून भक्कम उभा आहे. आत जननीचं मंदिर, पुढे चंद्रतळं, ब्रह्मर्षीचं मंदिर, वाड्यांचे अवशेष. पण बालेकिल्ला आधी करायचं खरं कारण गर्दी हे नाहीच. वरून तिन्ही माच्या पायाशी पसरलेल्या दिसतात आणि गडाची रचना एका नजरेत उलगडते. उत्तर बुरुजावरून पद्मावती, एका अंगाला सुवेळ्याची चिंचोळी धार, दुसऱ्या अंगाला संजीवनीचे उतरत गेलेले टप्पे. ज्या माचीला आज जाणार नाही ती इथून नीट बघून घ्यायची. स्वच्छ हवेत तोरणा, सिंहगड आणि पुरंदर ओळखता येतात. कोणता गड कुठून किती दूर, हे कळल्यावर राजधानीसाठी हीच जागा का निवडली, हे वेगळं समजवावं लागत नाही.

खाली आलं की साधारण साडेअकरा-बारा. इथे सावली बघून जेवण, चाळीस मिनिटं. घड्याळ लावूनच बसावं लागतं, कारण पोट भरल्यावर आडवं झालेल्या माणसाला उठवणं हे गडावरचं सगळ्यांत अवघड काम. मग निवडलेली माची.

सुवेळ्याकडे जाताना बालेकिल्ल्याचा कडा उजव्या हाताला राहतो. पुढे धार अरुंद होत जाते. माचीवर मुघलांच्या तोफगोळ्याने पडलेले म्हणून सांगितले जाणारे संताजी शिळीमकर यांचं स्मारक आहे, झुंजार बुरूज आहे, आणि मधल्या खडकात वाऱ्या-पावसाने आरपार पडलेलं नेढं. नेढ्यात चढायला थोडा कातळ हाताळावा लागतो आणि तिथे वारा अचानक झोत मारतो. टोपी, ओढणी, गळ्यातला कॅमेरा आधी आत टाकायचा. एका वेळी चार-पाचच माणसं. ज्याचे पाय थरथरतात त्याने खालीच थांबावं, खालूनही ते तितकंच छान दिसतं. आजूबाजूला पोळी दिसली तर नेढं रद्द, यावर वाद नाही.

संजीवनी निवडली असेल तर तटाची बांधणी बघायला वेळ राखून ठेवायचा, नुसतं टोक गाठायला धावायचं नाही. माची टप्प्याटप्प्याने खाली उतरते आणि प्रत्येक टप्प्याला चिलखती बुरूज आहे, म्हणजे एका बुरुजाभोवती दुसरा. तटही दुहेरी. बाहेरचा पाडून शत्रू आत आलाच, तर तो दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात सापडतो. तिथे दहा जणांना शेजारी उभं राहता येत नाही, आणि वरून आतल्या तटावरचे त्याच्या डोक्यावर असतात. तोफेचा मारा बाहेरच्या भिंतीने झेलला तरी आतली शाबूत राहते. बोळात उतरणाऱ्या उभ्या पायऱ्या बघाव्यात, पण उतरण्याआधी आत विजेरीचा झोत टाकावा. सरपटणारे प्राणी गारव्याला तिथेच बसतात. तटाच्या माथ्यावरून चालायचं नाही. सुट्या झालेल्या दगडाला धक्का लागला की माणसाबरोबर साडेतीनशे वर्षांचा एक थरही खाली जातो. गड राज्य पुरातत्त्व विभागाचं संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. विनापरवाना ड्रोन, दगडांवर नावं, चूल आणि दारू यांवर कारवाई होऊ शकते.

परतीची वेळ

उतरायला सुरुवात करण्याची वेळ घरीच ठरवायची आणि ती सूर्यास्तावरून मागे मोजायची. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सातनंतर. पालीने उतरणार असलात तर सूर्यास्ताआधी अडीच तास, चोर दरवाजाने असाल तर तीन तास पाय पद्मावतीवरून सुटले पाहिजेत. म्हणजे हिवाळ्यात पालीसाठी साडेतीन आणि चोर दरवाजासाठी तीन. त्या क्षणी माची अर्धीच झाली असेल तर अर्धीच सोडायची. निघण्याआधी डोकी मोजायची, शेवटचा माणूस कोण हे सांगायचं, आणि त्याच्या मागे कोणी राहणार नाही हे त्याच्यावर सोपवायचं.

उतारावर पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. टाचा रोवत धडाधड उतरणाऱ्यांचे गुडघे सोमवारी बोलतात. काठी असेल तर पायऱ्यांवर वापरावी, रेलिंगच्या टप्प्यात मात्र मिटून पिशवीत. ज्यांचा तोल थकव्याने जात असेल त्यांची पिशवी दुसऱ्याने घ्यावी, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं थांबावं आणि त्या थांब्यात उरलेली जलसंजीवनी संपवावी.

गडावर मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, बुरुजांवर मिळते आणि वाटेच्या खोलगट भागात जाते. म्हणून सकाळी ज्या घरी चहा घेतला तिथे किती माणसं, कुठल्या वाटेने वर, कुठल्या वाटेने खाली आणि किती वाजेपर्यंत, एवढं सांगून निघावं. बेत पालीने उतरायचा असेल तर हे गुंजवण्यातल्या घरी आवर्जून सांगावं लागतं. नाहीतर ते रात्री विजेऱ्या घेऊन चोर दरवाजाच्या वाटेवर शोधत बसतात. खाली पोचल्यावर गाडीत बसण्याआधी त्यांना फोन करायचा.